आकडा एक, जागा दोन: एक्सेलचा तक्ता ड्रॉइंगमध्ये नेताना

इमारतीचं स्ट्रक्चरल ड्रॉइंग उलगडलं की कडेला एक दाट तक्ता दिसतो. कॉलमचा क्रमांक, त्याचं माप, उभ्या सळया किती आणि किती मिलिमीटरच्या, रिंगा किती अंतरावर. सळई बांधणारा कारागीर ड्रॉइंगमधल्या रेषांपेक्षा हा तक्ता जास्त वेळा पाहतो. कॉलम कुठे उभा करायचा ते प्लॅन सांगतो, त्यात लोखंड किती घालायचं ते तक्ता सांगतो. तक्त्यातला आकडा चुकला तर रेषा कितीही सुबक असल्या तरी उपयोग नाही.

हा तक्ता जन्मतो मात्र दुसरीकडेच. डिझाइन करणारा इंजिनिअर हिशोब एक्सेलमध्ये करतो. सळईचं वजन घ्या. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे मीटरला इतके किलो, हे सूत्र स्थापत्याच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतं. पोलादाची घनता घनमीटरला ७८५० किलो धरून एक मीटर गोल सळईचं वजन काढलं की हा १६२ आपोआप येतो. म्हणून १६ मिलिमीटरची सळई मीटरला १.५८ किलो भरते आणि २० ची २.४७ किलो. आता एका मजल्यावर एकसारखे २४ कॉलम आहेत, प्रत्येकात १६ च्या आठ सळया आहेत आणि प्रत्येक सळई ३.८ मीटरची आहे असं समजू. उभं लोखंड साधारण ११५० किलो होतं. डिझाइनच्या तपासणीत १६ च्या जागी २० घालायचं ठरलं, तर लॅपची वाढीव लांबी बाजूला ठेवली तरी हाच आकडा १८०० किलोवर जातो. एक्सेलमध्ये एका सेलमधला १६ पुसून २० लिहिला की पुढचं सगळं त्याच क्षणी बदलतं. ड्रॉइंगवरच्या तक्त्यात मात्र १६ तसाच राहतो, कोणीतरी आठवणीने जाऊन बदलेपर्यंत.

या आठवणीवर किती बांधकामं उभी आहेत याचा विचार केला की काळजी वाटते. तक्ता एक्सेलमधून ड्रॉइंगमध्ये कसा न्यायचा हा प्रश्न वरवर कळ दाबण्याइतका किरकोळ वाटतो, आणि तो तसाच शिकवलाही जातो. खरा प्रश्न वेगळा आहे. एकच आकडा दोन ठिकाणी दिसत असेल, तर त्याची मूळ जागा कोणती आणि दुसऱ्या जागेला बदल कळणार कसा? प्रत्येक आकड्याची मूळ जागा एकच असावी. इतरत्र तो दिसावा, पण पुन्हा टाइप होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. पुढच्या सगळ्या पद्धती मी याच कसोटीवर तपासणार आहे.

ही अडचण मुळात का आली? दोन्ही प्रकारची सॉफ्टवेअर वेगवेगळ्या गरजांतून वाढली म्हणून. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचं व्हिझीकॅल्क १९७९ मध्ये अ‍ॅपल २ या संगणकावर आलं आणि वैयक्तिक संगणकावर आकड्यांचा तक्ता पहिल्यांदा स्वतःहून हिशोब करू लागला. एक्सेल १९८५ मध्ये मॅकिंटॉशवर आणि १९८७ मध्ये विंडोजवर आलं. ऑटोकॅड १९८२ चं. जॉन वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ऑटोडेस्क ही कंपनी काढली होती. एक्सेलच्या दृष्टीने जग म्हणजे सेल आणि सूत्रं. ऑटोकॅडच्या दृष्टीने जग म्हणजे रेषा, वर्तुळं आणि त्यांचे निर्देशांक. सुरुवातीच्या ऑटोकॅडला ‘तक्ता’ ही वस्तूच माहीत नव्हती. आडव्या-उभ्या रेषा मारायच्या आणि प्रत्येक चौकोनात मजकुराचा एकेक सुटा तुकडा ठेवायचा. एक ओळ मध्ये घालायची म्हणजे खालचं सगळं उचलून सरकवायचं. १९८६ मध्ये ऑटोलिस्प ही प्रोग्रॅमिंगची सोय मिळाल्यावर हुशार ड्राफ्ट्समन मंडळींनी स्वल्पविरामाने तोडलेली मजकूर फाइल वाचून रेषा आणि अक्षरं आपोआप काढणारे छोटे प्रोग्रॅम लिहिले. त्यातले काही अजूनही कार्यालयांतून फिरत असतात. तक्ता मात्र दिसायलाच तक्ता, आत नुसत्या रेषा.

खरा तक्ता ऑटोकॅडला मिळाला तो २००४ साली, ऑटोकॅड २००५ या आवृत्तीत. त्याच्या पुढच्या आवृत्तीत त्या तक्त्यात बेरीज आणि सरासरी करता येऊ लागली. आणि २००७ साली आलेल्या ऑटोकॅड २००८ मध्ये ‘डेटा लिंक’ आली, ज्यामुळे ड्रॉइंगमधला तक्ता एक्सेलच्या फाइलशी जोडलेला राहू शकतो. म्हणजे ही सोय हाताशी येऊनही बराच काळ लोटला आहे. तरीही आज असंख्य ड्रॉइंगमध्ये तक्ता हाताने टाइप केलेला किंवा चित्र म्हणून चिकटवलेला आढळतो.

चित्राबद्दल फार बोलायला नको. पडद्याचा फोटो घेऊन ड्रॉइंगमध्ये टाकला तर तो छापताना धूसर होतो, त्यातला आकडा शोधता येत नाही आणि बदलताही येत नाही. ही पद्धत एखाद्या सादरीकरणापुरती ठीक. कामाच्या ड्रॉइंगमध्ये तिला जागा नाही.

एक्सेलमधला भाग कॉपी करून ऑटोकॅडमध्ये सरळ पेस्ट केला की बहुधा जे घडतं ते वेगळं. तिथे ओएलई वस्तू तयार होते. ऑब्जेक्ट लिंकिंग अँड एम्बेडिंग ही मायक्रोसॉफ्टची १९९० च्या सुमाराची कल्पना: एका प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये दुसऱ्या प्रोग्रॅमची वस्तू बसवायची, तिच्यावर दोनदा क्लिक केलं की तो दुसरा प्रोग्रॅम उघडतो. भिंतीला पाडलेल्या खिडकीतून शेजारचं घर दिसावं, तसं ड्रॉइंगमधून एक्सेल दिसतं. रंग, जाड रेषा, जोडलेले सेल सगळं जसंच्या तसं दिसत असल्याने नवख्याला ही पद्धत सर्वांत सोयीची वाटते. पण ती वस्तू ऑटोकॅडची नसते. तिच्यावर ऑटोकॅडची मजकूर-शैली चालत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर एक्सेल नसेल तर ती नुसती दिसते, उघडत नाही. आणि ज्यांचं काम बाह्य संदर्भांवर चालतं, म्हणजे आर्किटेक्टचा प्लॅन खाली ठेवून त्यावर प्लंबिंगचं, विजेचं ड्रॉइंग करणाऱ्यांचं, त्यांच्यासाठी तर फारच अडचणीची गोष्ट: बाह्य संदर्भ म्हणून जोडलेल्या ड्रॉइंगमधल्या बहुतेक ओएलई वस्तू दिसतही नाहीत आणि छापल्याही जात नाहीत. मूळ फाइलमध्ये तक्ता डोळ्यांसमोर असतो, म्हणून पाठवणाऱ्याला शंकाही येत नाही.

मोठा तक्ता ओएलईने आणला की खालच्या ओळी किंवा उजवीकडचे रकाने कापले जातात, हा त्याहून घातक दोष. कापलेली जागा रिकामी दिसत नाही, तक्ता तिथेच संपला असं वाटतं. तक्ता एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना गुपचूप कापला जाणं किती महाग पडू शकतं ते इंग्लंडने २०२० मध्ये अनुभवलं. प्रयोगशाळांकडून आलेली कोविडच्या बाधितांची माहिती तिथली आरोग्य यंत्रणा एक्सेलच्या जुन्या फाइल-प्रकारात भरत होती. त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ ओळीच मावतात. त्यापुढच्या ओळी गळून गेल्या आणि २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित दैनंदिन आकड्यांतून सुटले. त्यांच्या संपर्कातल्या लोकांना शोधण्याचं कामही लांबलं. ड्रॉइंगमध्ये तक्ता आणल्यावर शेवटची ओळ आणि शेवटचा रकाना मूळ फाइलशी पडताळून पाहावा, ही सवय म्हणूनच अंगी बाणवायला हवी.

ओएलई टाळायचं तर ‘पेस्ट स्पेशल’ ही आज्ञा वापरायची आणि समोर येणाऱ्या यादीतून ‘ऑटोकॅड एन्टिटीज’ निवडायचं. मग जो तक्ता येतो तो अस्सल ऑटोकॅडचा असतो. सेलवर दोनदा क्लिक करून आकडा बदलता येतो, ओळ वाढवता येते, अक्षरांची उंची ठरवता येते, लांबलचक तक्ता तोडून शेजारी-शेजारी दोन-तीन भागांत मांडता येतो आणि प्रत्येक भागावर शीर्षकाच्या ओळी पुन्हा येतात. ए१ आकाराच्या कागदाची आडवी ठेवल्यावर उंची ५९४ मिलिमीटर. शंभर ओळींचा सळयांचा तक्ता त्यात एका उभ्या पट्ट्यात सहसा मावत नाही, तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते. एकदाच लागणाऱ्या, पुन्हा न बदलणाऱ्या तक्त्यासाठी, म्हणजे सर्वसाधारण सूचना किंवा चिन्हांची यादी यासाठी, ही पद्धत उत्तम. पण एक्सेलशी नातं इथे तुटलेलं असतं. आता त्याच आकड्याच्या दोन स्वतंत्र प्रती झाल्या.

ते नातं टिकवायचं तर त्याच ‘पेस्ट स्पेशल’च्या खिडकीत ‘पेस्ट लिंक’ निवडून मग ‘ऑटोकॅड एन्टिटीज’ घ्यायचं, किंवा ‘डेटालिंक’ ही आज्ञा देऊन एक्सेलची फाइल स्वतः जोडायची. तक्ता ऑटोकॅडचाच राहतो, पण त्याचे सेल कुलूपबंद असतात आणि कर्सर वर नेला की कुलपाचं व साखळीचं चिन्ह दिसतं. एक्सेलमध्ये बदल झाला आणि ‘अपडेट’ म्हटलं की नवे आकडे तक्त्यात येतात. उलट्या दिशेनेही जाता येतं: लिंक करताना तशी परवानगी दिली असेल, तर सेलचं कुलूप काढून ड्रॉइंगमध्ये केलेली दुरुस्ती परत एक्सेलच्या फाइलमध्ये लिहिता येते. ही दुसरी वाट मी शक्यतो बंद ठेवण्याचा सल्ला देईन. ज्याने हिशोब केला त्याला न कळता ड्राफ्टिंगच्या टेबलावरून त्याच्या फाइलमधला आकडा बदलला, तर मूळ जागा कोणती हेच पुसलं जातं.

लिंक जोडताना काही गोष्टी सुरुवातीलाच नीट ठरवल्या की पुढचा बराच त्रास वाचतो. पहिली गोष्ट, ऑटोकॅड डिस्कवर जतन झालेली फाइल वाचतं. एक्सेलमध्ये आकडा बदलून ‘सेव्ह’ केलं नसेल तर अपडेट करूनही जुनाच आकडा येणार. दुसरी गोष्ट तक्त्याच्या हद्दीची. ए१ ते एफ२० एवढाच भाग जोडला आणि इंजिनिअरने एकविसाव्या ओळीत नवा कॉलम लिहिला, तर तो ड्रॉइंगमध्ये कधीच पोचणार नाही. त्याऐवजी एक्सेलमध्ये त्या भागाला नाव द्यावं आणि लिंक त्या नावाशी करावी. नाव दिलेल्या भागाच्या आत ओळ घातली की भाग आपोआप वाढतो. मात्र शेवटच्या ओळीच्या खाली लिहिलेली ओळ त्यात धरली जात नाही, म्हणून भागाच्या तळाशी एक रिकामी ओळ आत घेऊन ठेवावी आणि नव्या नोंदी तिच्या वर घालाव्यात. एवढ्याशा रिकाम्या ओळीने तक्ता पूर्ण राहतो.

तिसरी गोष्ट फाइलच्या पत्त्याची. लिंकमध्ये पूर्ण पत्ता, सापेक्ष पत्ता किंवा नुसतं नाव असे तीन पर्याय मिळतात. पूर्ण पत्त्यात संगणकाच्या ड्राइव्हपासूनचा सगळा मार्ग असतो. फोल्डर दुसऱ्या संगणकावर गेलं की लिंक तुटते. ड्रॉइंग आणि एक्सेल एकाच प्रकल्पाच्या फोल्डरमध्ये ठेवून सापेक्ष पत्ता वापरला तर अख्खं फोल्डर कुठेही हलवलं तरी नातं टिकतं. ड्रॉइंग बाहेर पाठवताना ‘ई-ट्रान्समिट’ ही आज्ञा वापरली की लिंक केलेल्या फाइलीही सोबत बांधून देण्याचा पर्याय असतो. नुसती ड्रॉइंगची फाइल मेलला जोडून पाठवण्याची आपली सवय इथे नडते.

चौथी गोष्ट दिसण्याची. एक्सेलचं रूप जसंच्या तसं ठेवायचं की तक्त्याला ऑटोकॅडची शैली लावायची, हे लिंक करतानाच विचारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: आकडे एक्सेलचे घ्यावेत, रूप ऑटोकॅडचं. एक्सेलमधल्या पिवळ्या-हिरव्या रंगछटा काळ्या-पांढऱ्या छपाईत अक्षरं गिळतात. शिवाय ड्रॉइंगमधली अक्षरं छापलेल्या कागदावर किती मिलिमीटर उंच यायची हे कार्यालयाच्या शिस्तीप्रमाणे ठरतं, एक्सेलच्या अकरा पॉइंटांवरून नाही. तक्ता मॉडेलमध्ये न ठेवता लेआउटवर, म्हणजे छपाईच्या पानावर ठेवावा. मॉडेलमध्ये १:१०० च्या ड्रॉइंगसाठी अडीच मिलिमीटरचं अक्षर २५० मिलिमीटरचं करून ठेवावं लागतं आणि प्रमाण बदललं की ते पुन्हा मोजावं लागतं. लेआउटवर अडीच म्हणजे अडीचच.

मराठी मजकूर असेल तर आणखी एक पायरी आहे. पाणीपुरवठा योजनेच्या नकाशावर गावांची आणि वाड्यांची नावं, नोंदीच्या रकान्यात मराठी शेरे, हे आपल्याकडे नेहमीचं. ऑटोकॅडचे जुने, रेषांनी बनलेले एसएचएक्स फॉन्ट रोमन लिपीसाठी घडवलेले आहेत. एक्सेलमध्ये युनिकोडमध्ये नीट दिसणारं ‘वाडी’ तक्त्यात आलं की त्या जागी प्रश्नचिन्हं किंवा रिकामे चौकोन दिसतात. अक्षरं हरवलेली नसतात. तक्त्याच्या मजकूर-शैलीला मंगल किंवा निर्मला यूआय असा युनिकोड फॉन्ट दिला की ती परत येतात. जुन्या श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या एक्सेलचं दुखणं मोठं आहे, कारण तिथे मराठी दिसत असली तरी आत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असतात आणि तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर नुसता गोंधळ उमटतो. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, मगच लिंक करावा.

एक्सेलच्या स्वतःच्या एका खोडीचाही इथे बंदोबस्त करायला हवा. प्लंबिंगच्या तक्त्यात पाऊण इंची पाइपसाठी ३/४ असं टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं. आपल्याकडच्या मांडणीप्रमाणे ३ एप्रिल. आत ती तारीख अनुक्रमांक म्हणून साठवली जाते, २०२५ सालात टाइप केली असेल तर ४५७५०. लिंकमधून ड्रॉइंगमध्ये मग कधी तारीख येते, कधी हा पाच आकडी क्रमांक. ००७ सारख्या क्रमांकातली शून्यं गळतात, ती याच स्वभावामुळे. या खोडीने शास्त्रज्ञांनाही इतकं छळलं की मानवी जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये एक्सेलला तारीख वाटणारी नावं बदलल्याचं जाहीर केलं. आपल्यासाठी उपाय साधा आहे. आकडे भरण्याआधीच तो रकाना ‘टेक्स्ट’ म्हणून ठरवून टाकायचा.

इथपर्यंत आकडे एक्सेलकडून ड्रॉइंगकडे येत होते. सगळ्याच आकड्यांची मूळ जागा एक्सेल नसते. महानगरपालिकेकडे मंजुरीसाठी जाणाऱ्या प्लॅनवरचा क्षेत्रफळाचा तक्ता पाहा: भूखंडाचं क्षेत्र, त्यातून वजा होणारं क्षेत्र, अनुज्ञेय चटई क्षेत्र, प्रस्तावित बांधकाम. मुंबई आणि काही मोजके भाग सोडून महाराष्ट्राला डिसेंबर २०२० मध्ये लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीप्रमाणे हा हिशोब करावा लागतो. अनुज्ञेय क्षेत्र नियमातून येतं, त्याचा हिशोब एक्सेलमध्ये ठीक. पण प्रस्तावित बांधकामाचं क्षेत्र ड्रॉइंगमधल्या बंद रेषेतूनच येतं. भिंत १५० मिलिमीटर सरकली की क्षेत्र बदललं. ते मोजून एक्सेलमध्ये टाइप करायचं आणि पुन्हा तिथून ड्रॉइंगमध्ये आणायचं, हा उलटा प्रवास चुकीला आमंत्रण देतो.

त्यासाठी ऑटोकॅडमध्ये ‘फील्ड’ आहे, तेही २००५ च्या आवृत्तीपासून. तक्त्याच्या सेलमध्ये फील्ड घालून खोलीची बंद पॉलिलाइन दाखवायची आणि तिचं क्षेत्रफळ मागायचं. भिंत सरकवून पॉलिलाइन बदलली की ड्रॉइंग पुन्हा उघडताना, जतन करताना किंवा छापताना सेलमधला आकडा आपोआप नवा होतो. एकच पथ्य: ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये असेल तर फील्डच्या मांडणीत दहा लाखाने भागण्याचा गुणक, म्हणजे ०.०००००१, द्यावा लागतो. नाहीतर ६० चौरस मीटरच्या सदनिकेपुढे सहा कोटी छापले जातात. पडद्यावर फील्डच्या मागे दिसणारी करडी छटा छापली जात नाही. उलट तिच्यावरूनच ओळखता येतं की हा आकडा टाइप केलेला नाही, मोजलेला आहे. मंजुरीच्या ड्रॉइंगमध्ये क्षेत्रफळाच्या प्रत्येक सेलमागे ती करडी छटा दिसावी, असं मला मनापासून वाटतं.

दार-खिडक्यांच्या तक्त्यात दोन्ही दिशा एकत्र येतात. डी१, डी२, डब्ल्यू१ ही दारं-खिडक्या प्लॅनमध्ये ब्लॉक म्हणून ठेवलेली असतील, तर त्यांची संख्या ड्रॉइंगलाच ठाऊक असते. दर आणि लाकडाचा प्रकार एक्सेलला. ‘डेटा एक्स्ट्रॅक्शन’ ही सोय ब्लॉक मोजून तक्ता बनवते आणि एक्सेलमधले रकाने त्याच तक्त्याला शेजारी जोडते. मोजणी ड्रॉइंगची, दर एक्सेलचा, आणि दोन्ही आपापल्या मूळ जागेवरून आलेले. ही सोय मला सर्वांत समजूतदार वाटते आणि हिचाच वापर सर्वांत कमी होतो, कारण तिच्यासाठी ब्लॉक शिस्तीने वापरावे लागतात. दार म्हणून चार सुट्या रेषा मारल्या असतील तर मोजणार काय?

सर्वेक्षणाचं काम करणारे तर तक्त्यापासून थेट रेषाच काढतात. पूर्व आणि उत्तर असे दोन रकाने मध्ये स्वल्पविराम देऊन तिसऱ्या रकान्यात जोडायचे, तो रकाना कॉपी करायचा, पॉलिलाइनची आज्ञा देऊन आज्ञेच्या ओळीत पेस्ट करायचा. शेताची हद्द पडद्यावर उमटते. यांत्रिक अभियांत्रिकीत हे नातं आणखी पुढे गेलं आहे. सॉलिडवर्क्समध्ये एक्सेलचा ‘डिझाइन टेबल’ सुट्या भागाची मापंच ठरवतो: तक्त्यातल्या प्रत्येक ओळीगणिक त्या भागाचा वेगळा आकार तयार होतो. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमध्येही स्वतःचा हिशोबाचा तक्ता आहे, त्यातल्या सेलवरून मापं चालवता येतात आणि तोच तक्ता ड्रॉइंगच्या पानावर मांडताही येतो. महागडा परवाना परवडत नसलेल्या विद्यार्थ्यांनी तिथून सुरुवात करावी.

आता लिंकची मर्यादा. ती न सांगता हा विषय अर्धवट राहील. स्कॉटलंडमध्ये एडिंबरा इथे ‘रॉयल हॉस्पिटल फॉर चिल्ड्रन अँड यंग पीपल’ हे नवं रुग्णालय ९ जुलै २०१९ ला सुरू व्हायचं होतं. ४ जुलैला, पाचच दिवस आधी, तिथल्या आरोग्यमंत्री जीन फ्रीमन यांनी स्थलांतर थांबवलं. तपासणीत आढळलं होतं की अतिदक्षता विभागातल्या हवेची अदलाबदल मानकाप्रमाणे होत नाही: तासाला १० वेळा हवी, व्यवस्था होती ४ वेळांची. पुढे नेमलेल्या लेखापरीक्षकांनी २०२० मध्ये चुकीचं मूळ शोधलं, ते २०१२ सालच्या एका स्प्रेडशीटमध्ये निघालं. प्रत्येक खोलीचं तापमान, हवेची अदलाबदल, दाब अशी माहिती असलेला तो तक्ता होता. चार खाटांच्या साध्या खोलीसाठीचे निकष त्यात अतिदक्षता विभागाच्या खोल्यांपुढे कॉपी झाले होते. तो आकडा पुढची सात वर्षं कागदपत्रांमधून, करारातून, बांधकामातून पुढे सरकत राहिला. अनेक टप्प्यांवर पकडता आला असता, पण सुटला. दुरुस्तीला सुमारे १ कोटी ६० लाख पौंड लागले, रिकाम्या इमारतीपोटी दरमहा १३ लाख पौंडांहून अधिक रक्कम जात राहिली आणि मुलांचे वॉर्ड तिथे हलायला मार्च २०२१ उजाडला.

ही चूक कुठलीही लिंक थांबवू शकली नसती. लिंकने तो चौकाचा आकडा प्रत्येक ड्रॉइंगमध्ये तत्परतेने आणि बिनचूक पोचवला असता. टाइप करताना होणारी चूक लिंक घालवते, मूळ आकड्याची चूक मात्र सगळीकडे पसरवते. म्हणून आकडा एकाच जागी ठेवण्याबरोबर त्या जागेचा एक जबाबदार माणूसही ठरलेला हवा. कॉलमच्या तक्त्याची एक्सेल फाइल कोणी तपासली, कोणत्या तारखेला, आधीच्या आवृत्तीपेक्षा काय बदललं, हे त्याच फाइलच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असावं. ड्रॉइंग तपासणाऱ्याने तक्त्यातले निदान दोन-तीन आकडे हाताने काढून पाहावेत. १६ चा वर्ग भागिले १६२ करायला कॅल्क्युलेटरही पुरतो.

जारी केलेल्या ड्रॉइंगबाबत एक सावधगिरी बाळगावी लागते. साइटवर गेलेल्या आर२ या आवृत्तीतला तक्ता एक्सेलशी जोडलेला राहिला आणि सहा महिन्यांनी कोणी ती फाइल उघडून अपडेट केली, तर आर२ मध्ये कधीच नसलेले आकडे आर२ च्या नावावर दिसू लागतील. वाद झाला तर पुरावाच बदललेला असेल. म्हणून जारी करायच्या प्रतीत लिंक तोडून तक्ता साधा करावा, त्याच वेळी पीडीएफ काढून ठेवावी, आणि चालू कामाच्या प्रतीत लिंक तशीच ठेवावी. चालू प्रत जिवंत आणि जारी प्रत गोठलेली, असे दोन वेगळे फोल्डर ठेवायला काहीच खर्च येत नाही.

आयटीआय आणि तंत्रनिकेतनांमध्ये ऑटोकॅड शिकवणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे: टेबल ही आज्ञा शिकवाल त्याच तासाला डेटा लिंक आणि फील्डही शिकवा, आणि विद्यार्थ्यांना एक्सेलमधला एक आकडा बदलून तो ड्रॉइंगमध्ये पोचतो का हे स्वतः पाहायला लावा. ज्यांच्या सहीने ड्रॉइंग साइटवर जातं त्यांनी प्रत्येक तक्त्याखाली एक ओळ लिहायला लावावी: मूळ एक्सेल फाइलचं नाव, तिची आवृत्ती, आणि आकडे शेवटचे ताजे केल्याची तारीख. सळई कापण्याआधी शंका आली, तर कार्यालयाला नेमकं काय विचारायचं ते साइटवरच्या माणसाला त्या ओळीवरून कळेल.